एचआयव्हीवरच्या संशोधनासाठी मुलाखत देऊ का? (डिचोली)

डिचोलीकर: वय २६. घर डिचोली तालुक्यात, कामाला पणजीला. मी समलैंगिक आहे, घरी कोणाला ठाऊक नाही. एचआयव्ही प्रतिबंधावर काम करणाऱ्या एका संशोधकाने मित्रामार्फत मुलाखतीला विचारलंय. तासभर बोलायचं, आवाज रेकॉर्ड होणार. आमच्या वाड्यावर कोणाची स्कूटर कुठे उभी होती हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं आणि मामी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी निघालीय म्हणतात. मग आमच्या मुलाखती कशाला?

म्हापशाची: मी याच क्षेत्रात काम करते. वयाने मोठी आहे म्हणून अरेतुरे करते, चालेल ना?

शेवटचा प्रश्न आधी घेते. गोळी खरी आहे. तिला प्रेप म्हणतात. टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटॅबिन ही दोन औषधं एकाच गोळीत, रोज एक. २०१० साली आयप्रेक्स या चाचणीचे निकाल आले. सहा देशांतले सुमारे अडीच हजार पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया तिच्यात होत्या. औषध नसलेली गोळी मिळालेल्या गटापेक्षा खरी गोळी मिळालेल्या गटात लागण ४४ टक्क्यांनी कमी झाली. पण ज्यांच्या रक्तात औषध सापडलं, त्यांचा धोका ९० टक्क्यांहून जास्त घटला होता. खोट गोळीत नव्हती, ती बऱ्याच जणांच्या पोटातच जात नव्हती.

का जात नाही, हे माणसालाच विचारावं लागतं. एका मुलाने मला सांगितलं (त्याच्या परवानगीने लिहिते), "डबी ठेवू कुठे? कपाट आईचं, बॅग बहीण उघडते." शेवटी त्याने गोळ्या कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरल्या. ओलावा शोषणारी पुडीही त्यातच टाक, एवढं मी सुचवलं, कारण आपला पावसाळा. ही अडचण कुठल्याच प्रयोगशाळेत दिसली नसती. तुझं बोलणं हवंय ते यासाठी.

आता गुप्ततेचं. नीतिसमितीची, म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्यांचं हित जपलं जातंय ना हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी दाखवायला सांग. संमतीपत्र मराठीत किंवा कोंकणीत वाचून घे, एक प्रत स्वतःकडे ठेव. रेकॉर्डिंगमध्ये नाव नको, हवं तर खोटं नाव घे. ते ऐकून कागदावर कोण उतरवणार आणि नंतर कधी पुसणार, हेही विचार. आधार मागितलं तर उठून ये. जागा तू ठरव, डिचोलीत नकोच. मधेच थांबलास तरी कोणी जाब विचारू शकत नाही.

गोव्यात तरी याबाबत ढिलाई मला खपत नाही. १९८९ साली आपल्याच म्हापशात डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्याला, लागण निघाली म्हणून पोलिसांनी नेलं आणि जुन्या टीबी सॅनिटोरियममध्ये ६४ दिवस कोंडून ठेवलं. कायदाच तसा होता. १९९२ साली त्यांनी पॉझिटिव्ह पीपल ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी ते गेले. कोंडल्याने लागण थांबत नाही, लोक तपासणीला यायचे थांबतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने आता संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

फोंड्याचा: मी दिलीय अशी मुलाखत. भावाबद्दल बोललो ते नको वाटलं, तर त्यांनी तेवढा भाग माझ्यासमोर पुसला. घाबरू नको रे.

डिचोलीकर: आभार. आणखी एक. पाचेक दिवसांपूर्वी कंडोम फाटला. झोप लागत नाही.

म्हापशाची: बरं झालं विचारलंस. अशा वेळी पेप नावाचा २८ दिवसांचा औषधक्रम असतो, पण तो ७२ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. ती मुदत गेली. एका वेळेने लागण होतेच असं मुळीच नाही, बहुतेकदा होत नाही. तरी उद्याच बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात जा. तपासणी फुकट, आधी समुपदेशक बोलतो. आता एक चाचणी आणि तीन महिन्यांनी परत. तोवर कंडोम सोडू नकोस, रक्तदान नको. पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप, घसादुखी, अंगावर पुरळ आलं तर थांबू नकोस, डॉक्टरला हे सगळं सांग. रात्री जीव घाबरा झाला तर १०९७ फिरव, ही मोफत हेल्पलाइन आहे.

प्रेप त्यानंतर. लागण नाही हे पक्कं, मग मूत्रपिंडाची आणि हिपॅटायटिस बीची तपासणी, तेव्हाच पहिली गोळी. सिफिलिस, गनोरिया ती रोखत नाही, हे लक्षात ठेव. आणि निकाल इथे लिहू नकोस.