मदत हवी आहे: सोनचाफा हलवायचा आहे, तातडीने

रानजाई७: आईचं घर रिकामं करायचंय. मागच्या अंगणात सोनचाफा आहे, तो नव्या घरी न्यायचाय. गुट्टी बांधू (झाडावरच फांदीला मुळं फुटवून मग ती कापून नेऊ) की मुळासकट काढू? आई रोज सकाळी झाडाखाली जाऊन नुसती उभी राहते, बघवत नाही. गूगल करा असं कृपया सांगू नका, करून झालंय. लवकर सांगा.

खलबत्ता: झाड केवढं? गाव कुठलं? नवं घर बंगला की फ्लॅट? बाल्कनीला ऊन कुठलं येतं? कधी सोडायचंय? आम्ही काय इथे पोपट घेऊन बसलोय?

रानजाई७: सॉरी, डोकं ठिकाणावर नाहीये. मिरज. झाड दुमजली, बाबांनी 1996 साली लावलेलं. घर विकलंय, आई आता माझ्याकडे पुण्याला, चौथ्या मजल्यावर.

माळीबुवा_हौशी: दुमजली झाड चौथ्या मजल्यावर?? मुळासकट विसरा. गुट्टीच बांधा, पावसाळा आहे, याहून चांगला मोसम नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी घ्या, दीडेक इंच साल गोल सोलून काढा, खालचा बुळबुळीत थर नीट खरवडा (इथेच लोक आळस करतात आणि मग साल परत जुळून येते), ओलं शेवाळ लावून वर प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीने घट्ट. दोनेक महिन्यांत आत पांढरी मुळं दिसतील. एकावर विसंबू नका, पाच-सहा बांधा.

रानजाई७: दोन महिने नाहीत हो! तीन आठवड्यांत ताबा द्यायचाय.

खलबत्ता: हे आत्ता सांगताय.

देशस्थ_डबा: आमच्या काकांनी चिंच हलवली होती जेसीबी लावून. होतं सगळं, इच्छा पाहिजे.

माळीबुवा_हौशी: जगली का ती चिंच?

देशस्थ_डबा: पहिलं वर्षभर पालवी होती.

माळीबुवा_हौशी: म्हणजे नाही. मोठं झाड हलवायचं तर आधी काही महिने भोवती चर खणून मुळं टप्प्याटप्प्याने तोडावी लागतात. उगाच बाईंना आशा लावू नका.

नियमावली: विकत घेणारा झाड तोडणार आहे का, हा खरा प्रश्न. नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे, वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष धरतात, तुमचं त्यात बसत नाही.

रानजाई७: तोडणार की नाही ते मी विचारलंच नाही. धीर झाला नाही.

शेवंती_मावशी: माझा मोगरा दोन वर्षं झाली फुलत नाहीये, नुसता पाला. काय करावं?

माळीबुवा_हौशी: मावशी, छाटा आणि उन्हात ठेवा. वेगळा धागा काढा, प्लीज.

देशस्थ_डबा: अवांतर: चाफा दारात नसावा म्हणतात ना? साप येतात.

खलबत्ता: साप उंदरामागे येतो हो, वासामागे नाही. धागाकर्ती, नव्या मालकाला फोन करा. गुट्ट्या आज बांधा, घर ठरल्या दिवशी द्या, आणि फक्त एवढं मागा की दोन महिन्यांनी अर्धा तास येऊन कापून नेऊ द्या. नाही म्हणणारा माणूस विरळा.

अर्धा_कप: एवढा खटाटोप कशाला? नर्सरीत कलमी सोनचाफा मिळतो, कमरेएवढा असतानाच कुंडीत फुलायला लागतो. वासात फरक नाही.

माळीबुवा_हौशी: वासात नसेल हो, पण तो बाबांनी लावलेला नाही.

अर्धा_कप: फुलाला ते कळत नाही.

माळीबुवा_हौशी: आईला कळतं.

रानजाई७: भांडू नका, ऐका. काल मालकांना फोन केला. "खुशाल या, पाऊस थांबेपर्यंत काही पाडत नाही," म्हणाले. मग आईला सांगितलं की चाफ्याच्या सहा गुट्ट्या बांधतोय. तर म्हणाली, "बांध की. पण त्या वासानं माझं डोकं चढतं गं, तो तुझ्या बाबांचा लाडका. मी तिथं अळू बघायला जाते." झाडापलीकडे मोरी आहे, सांडपाणी जिथं मुरतं तिथं अळूचं रान माजलंय. तिला ते न्यायचंय. आणि मी महिनाभर चाफ्यापायी रडतेय!!

शेवंती_मावशी: भाजीचं की वडीचं?

रानजाई७: वडीचं, काळ्या देठाचं. आजी लग्नानंतर माहेरून घेऊन आली होती म्हणे. हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

शेवंती_मावशी: मग अगदी सोपं. मोठी पानं उडवा, फक्त मधला कोवळा कोंब ठेवा, कांदे मातीसकट ओल्या गोणपाटात गुंडाळा. आठवडाभर काही होत नाही. माती मोरीचीच घ्या बादलीभर.

देशस्थ_डबा: बाल्कनीत अळू लावलं तर डास होतात.

रानजाई७: होऊ देत. टब किती मोठा घेऊ?

खलबत्ता: पसरट घ्या, तळाला भोकं कमी. आणि बाल्कनीला ऊन कुठलं येतं, ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.