लठ्ठ गिनीपिगला आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवू का?

गुबगुब्याची_ताई: आमचा गिनीपिग तीन वर्षांचा, वजन 1420 ग्रॅम. चूक माझीच. सूर्यफुलाची बी दिसली की तो गजांवर पुढचे पाय टेकवून शिट्टी मारतो आणि मी विरघळते. दिवसाला पंधरा-वीस बिया सहज जायच्या. आता चालताना पोट जमिनीला घासतंय. उपासाने माणसाचं फॅटी लिव्हर कमी होतं म्हणतात. मग रविवारी नुसत्या पाण्यावर ठेवलं तर?

सडाफटिंग: ठेवा की. जंगलात कुठे रोज आयतं ताट मिळतं? उपासाचे प्रयोग उंदरांवरच तर झालेत.

उंदीरखाना: ताई, अजिबात नको. मी चौदा वर्षं प्रयोगशाळेच्या प्राणीघरात आहे, उंदीर उपाशी ठेवणं हे माझं रोजचं काम. 25 ग्रॅमचा उंदीर रात्रभर उपाशी राहिला की सकाळी दोन-तीन ग्रॅमने हलका भरतो. जीव एवढासा, पण ग्रॅममागे तो आपल्या सातेकपट ऊर्जा जाळतो. त्याची एक रात्र म्हणजे आपली एक रात्र नव्हे.

उपासात इन्सुलिन उतरतं आणि अंगावरची चरबी सुटून रक्तातून लिव्हरकडे धावते. लिव्हर जमेल तेवढी जाळतं, थोडी बाहेर धाडतं, उरलेली पेशींत साठवून ठेवतं. म्हणजे अन्न बंद आणि लिव्हरमधली चरबी वाढलेली! जनावर जितकं लठ्ठ तितका हा लोंढा मोठा, म्हणून तुमच्याच गिनीपिगला धोका जास्त.

एकदा खाणं सोडून मेलेल्या एका जाड मादीचं लिव्हर पाहिलं होतं. लालबुंद असायचं ते फिकट पिवळं, बोट लावलं तर चिकट. तुकडा फॉर्मॅलिनच्या, म्हणजे नमुना टिकवायच्या द्रवाच्या, बाटलीत टाकला तर बुडेना, वरच तरंगत राहिला.

@सडाफटिंग, जंगलातला गिनीपिगचा भाऊबंद जागेपणी चरतच असतो. त्याचं आतडं सतत चालतं राहायला लागतं, थांबलं की दुसरंच संकट.

बिया बंद करा, त्यात जवळपास निम्मी चरबी असते. सुकं गवत मात्र हवं तेवढं द्या. व्हिटॅमिन सी विसरू नका, त्याला ते शरीरात बनवता येत नाही. बारा तास तोंडाला काहीच लावलं नाही तर त्याच दिवशी डॉक्टर.

गुबगुब्याची_ताई: बाप रे. रविवार रद्द! मग जवसाचं तेल? ओमेगा-3 लिव्हरला चांगलं ना?

उंदीरखाना: ओमेगा-3 मुळे लिव्हर नवी चरबी कमी बनवतं आणि असलेली जास्त जाळतं, हे खरं. मिंक नावाचा मुंगसासारखा प्राणी काही दिवस उपाशी ठेवला की त्याचं लिव्हर चरबीने भरतं, आणि तेव्हा त्यातलं ओमेगा-3 चं प्रमाण घसरलेलं दिसतं. पण मिंक मांसाहारी, तुमचा गवत्या. तेल म्हणजे पुन्हा चरबीच. नको.

गुबगुब्याची_ताई: तीन आठवडे झाले. आज 1388. शिट्टी चालूच आहे.

उंदीरखाना: हाच वेग ठेवा, घाई नको. आणि रोज लेंड्या बघत जा. त्या बारीक किंवा कमी झाल्या तर वजनकाट्याची वाट बघत बसू नका.