रेगन, ७०० सीसी आणि सोलापूरचे टॉवेल
'ट्रम्प यांच्या जागी रेगनसारखा खरा कंझर्व्हेटिव्ह (उजव्या विचारांचा) असता तर आयातशुल्काला हातही लावला नसता' हे इथल्या चर्चेत दोघांनी लिहिलंय. मी स्वतः उजव्या बाजूचाच, पण हे पटत नाही. १९८३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असताना याच रेगननी ७०० सीसीच्या वरच्या आयात मोटारसायकलींवरचं शुल्क ४.४ वरून थेट ४९.४ टक्क्यांवर नेलं होतं. कारण एकच, बुडत चाललेली अमेरिकी मोटारसायकल कंपनी हार्ले-डेव्हिडसन. जपानी कंपन्याही काही कमी नव्हत्या. त्यांनी ७५० सीसीची इंजिनं थोडी लहान करून मर्यादेच्या आत बसवली आणि गाड्या विकत राहिल्या!

मात्र ते शुल्क पाच वर्षांपुरतंच होतं आणि दरवर्षी उतरत जाणारं. हार्लेनंच १९८७ मध्ये, मुदतीच्या वर्षभर आधी, 'आता नको' म्हणून सांगितलं. ट्रम्प यांच्याबद्दल माझी तक्रार शुल्काची नाही, धरसोडीची आहे. माझ्या मेव्हण्याचे सोलापुरात टॉवेलचे माग आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लागलं तेव्हा खोकी भरून, लेबलं चिकटवून तयार होती आणि तिकडचा खरेदीदार 'जरा थांबा' एवढंच म्हणत होता. दर चढा असला तरी तो किती दिवस राहणार हे कळलं तर माणूस हिशेब मांडतो. इथे व्याज मात्र रोज चालू. (मेव्हण्याचं मत इथे छापण्यासारखं नाही.)