मदत हवी आहे: २४ गिगाहर्ट्झ लेव्हल सेन्सर, टीएक्समधून (पाठवणारा) आरएक्समध्ये (घेणारा) गळती

मांजलपूरकर (बडोदा):
मकरपुऱ्यातल्या कारखान्याच्या पाण्याच्या टाकीसाठी एफएमसीडब्ल्यू (सतत बदलत्या वारंवारतेचा रडार) सेन्सर. २४.०० ते २४.२५ गिगाहर्ट्झ, स्वीप (पूर्ण पट्टा एकदा फिरण्याचा वेळ) १ मिलिसेकंद, हॅन विंडो (सिग्नलच्या कडा निमुळत्या करणारं वजन). शेजारी-शेजारी दोन पॅच अ‍ॅरे (बोर्डावरच्या सपाट अँटेनांचे गट), मधे ८ मिमी. बोर्ड ०.२५४ मिमी आरओ४३५०बी (उच्च वारंवारतेचं बोर्ड मटेरियल), वर २ मिमी एबीएस प्लास्टिकचं झाकण. तोंड आकाशाकडे केलं तरी एफएफटीत (सिग्नलमधल्या वारंवारतांच्या आलेखात) शून्यापाशी डोंगर, आयएफचा (पाठवलेल्या आणि परतलेल्या लहरींच्या फरकाचा) सिग्नल वर-खाली कापला जातोय. सव्वा मीटरच्या आतलं पाणी दिसतच नाही. अँटेना लांब न्यायला जागा नाही.

पॅचवाला:
आधी झाकण काढून तोच एफएफटी घ्या. एबीएसचा एप्सिलॉन (पराविद्युत स्थिरांक) साधारण २.८ धरला तर या बँडला पाव तरंगलांबी १.८६ मिमी येते. म्हणजे तुमचं २ मिमी नेमकं सर्वांत जास्त परावर्तन देणाऱ्या जाडीजवळ बसलंय! ३.७ मिमी, म्हणजे अर्धी तरंगलांबी करा.

मांजलपूरकर:
काढून पाहिलं. डोंगर ११ डीबी उतरला, कापणं थांबलं. पण आंधळा पट्टा तेवढाच.

पॅचवाला:
तो पट्टा कपलिंगचा (अँटेनांमधल्या गळतीचा) नाहीच. २५० मेगाहर्ट्झला एक बिन (एफएफटीचा एक कप्पा) ०.६ मीटर, आणि हॅनचा मुख्य लोब (शिखराचा फुगवटा) दोन्हीकडे दोन-दोन बिन पसरतो. झाले १.२ मीटर. कितीही चांगला अँटेना लावा, हे गणित बदलत नाही. सेन्सर तेवढा उंच बसवा, नाहीतर ७७-८१ गिगाहर्ट्झला जा. पूर्ण ४ गिगाहर्ट्झ वापरलेत तर बिन ३.७५ सेंमी.

उरलेल्या गळतीसाठी: इतक्या पातळ बोर्डात सरफेस वेव्ह (बोर्डातून सरकणारी लहर) फार नसते, त्यामुळे दोष बहुतेक हवेतला आणि फीड लाइनमधला (अँटेनाला सिग्नल नेणारी तांब्याची वाट). अ‍ॅरे एकमेकांच्या एच-प्लेनमध्ये (ई-प्लेनला काटकोनातली दिशा) ठेवा. फीड पॅचमध्ये ज्या दिशेने शिरतं ती ई-प्लेन. त्याच दिशेने अ‍ॅरे एकापुढे एक असतील तर फिरवा. मधे तांब्याची पट्टी, तिच्यात ०.३ मिमीचे व्हाया (तांबं लावलेली आरपार छिद्रं) ०.६ मिमी पिचने, खाली ग्राउंडला. टीएक्स-आरएक्सच्या फीड लाइन एकाच शील्ड कॅनखाली (धातूचं झाकण) असतील तर मधे भिंत हवीच. भिंत ग्राउंडला अधूनमधून टेकवून भागत नाही, फटीतून गळतं.

आयएफ_काका:
रिकाम्या टाकीचा संदर्भ वजा करणं चालतं, पण कापल्या गेलेल्या सिग्नलवर नाही. चालती सरासरी वजा करू नका: स्थिर पाणीही पुसलं जाईल. शिवाय बडोद्याच्या मे महिन्यात छतावरच्या डब्याचं तापमान फिरलं की गळतीची फेज सरकते, म्हणून संदर्भ तापमानानुसार दोन-तीन घ्या.

हायपास (कमी वारंवारता अडवणारा फिल्टर) लावताना सांभाळा. या स्वीपला मीटरमागे १.६७ किलोहर्ट्झ, दीड मीटरवरचं पाणी २.५ किलोहर्ट्झला. कट १ किलोहर्ट्झच्या वर नेऊ नका.

मांजलपूरकर:
फीड लाइन एकाच कॅनखाली आहेत. पुढच्या बोर्डात भिंत घालतो, झाकण ३.७ चं.