पेरू : डोंगरावरून समुद्रापर्यंत, तुमचे अनुभव लिहा

पेरूला जाऊन आलेल्यांनी इथे लिहा प्लीज. बहुतेक जण लिमाला उतरून लगेच कुस्कोचं विमान पकडतात, माचू पिचू बघून तसेच परत. मला मनापासून वाटतं की एकदा तरी वरून खाली रस्त्याने उतरावं, कारण तिथे काय पिकतं, लोक काय खातात, अंगावर काय घालतात, सगळं उंचीवर ठरतं आणि ते विमानातून कळत नाही.

सुरुवात मी करते. आम्ही तितिकाका सरोवराकाठच्या पुनोहून निघालो, उंची साधारण ३८०० मीटर. तिथल्या बाजारात चुन्यो बघितला, म्हणजे बटाट्याचं वाळवणच. जून-जुलैत रात्री गोठवणारी थंडी पडते तेव्हा बटाटे उघड्यावर पसरतात, ते गोठतात, दिवसा उन्हात सैल झाले की पायाने तुडवून पाणी काढतात, असं काही दिवस करून वाळवले की वर्षानुवर्षं टिकतात. एका आजींनी सूपमध्ये घालून दिला, चव मातकट, पण मला आवडला. मग चिवायवरून आरेकिपाकडे जाताना पातापाम्पाची खिंड लागते, ४९१० मीटर! खाली उतरून चार पावलं चाललं तरी छाती भरून येते, आणि तिथेच बायका स्वेटर विकत निवांत बसलेल्या असतात. पुढे आरेकिपा २३०० मीटरच्या आसपास, पांढऱ्या ज्वालामुखी दगडाचं शहर, मागे मिस्ती ज्वालामुखी. तिथे पोचल्यावर पहिल्यांदा सलग झोप लागली.

*

ताई, झोपेचं अगदी बरोबर. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो, वय सत्तरीच्या पुढे, म्हणून कुस्कोला (३४०० मीटर) न थांबता विमानतळावरून थेट ओयान्तायताम्बोला गेलो, ते साधारण २८०० मीटरवर आहे. माचू पिचू तर त्याहून खाली, २४३० मीटर, हे खूप जणांना माहीतच नसतं. कुस्को शेवटी ठेवलं आणि त्यांना काही त्रास झाला नाही. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या घ्यायच्या तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच. डोकं दुखतंय, उलट्या होतायत आणि थांबत नाहीयेत तर चहा पीत बसू नका, खाली उतरा. कोकाचा (ज्याच्या पानांपासून कोकेन काढतात ते झाड) चहा तिथे सगळे पितात, पण पानं किंवा टी-बॅग्ज भारतात आणू नका, इथे त्यावर बंदी आहे.

*

शाकाहारींसाठी पटकन : किन्वाचं सूप, चोक्लो कोन केसो (टपोऱ्या दाण्याचं मक्याचं कणीस आणि चीज), पापा आ ला वांकाइना (बटाट्यावर पिवळ्या मिरचीचा चीज घातलेला सॉस). नुसतं 'सिन कार्ने' (मांस नको) म्हणू नका, चिकन येऊ शकतं. 'सिन पोयो, सिन पेस्कादो' (चिकन नको, मासे नको) पण म्हणा. किनाऱ्यावर आलात की सगळीकडे सेविचे, म्हणजे लिंबात मुरवलेली कच्ची मासळी, खाणाऱ्यांची चंगळ.

*

नास्काला सगळे रेघा (वाळवंटात जमिनीवर काढलेल्या प्राचीन, अवाढव्य आकृत्या) बघायला विमानात बसतात, बघाच, पण जवळच कांतायोकचे पुकियो आहेत तेही बघा. जमिनीत गोल गोल उतरत जाणाऱ्या दगडी विहिरी, खाली पाण्याचा बोगदा, डोंगरातून जमिनीखाली आलेलं पाणी अजूनही शेतीला जातं. आजूबाजूला गवताचं पातं नाही आणि मध्येच हिरवं शेत! मी दुष्काळी भागातला आहे, माण तालुक्यातला, तिथून पाय निघेना माझा. रेघांच्या बाबतीत एक वाईट वाटतं, पॅन-अमेरिकन हायवे सरड्याच्या आकृतीला चिरून गेलाय, टॉवरवर चढलं की स्पष्ट दिसतं.

*

मी रत्नागिरीचा, त्यामुळे समुद्र आहे म्हणजे पाऊस असणारच असं डोक्यात पक्कं होतं, आणि लिमा बघून हादरलोच. समोर पॅसिफिक, हवा दमट, आणि पाऊस जवळजवळ नाहीच. हम्बोल्टचा थंड प्रवाह किनाऱ्यालगत वाहतो, त्याने खालची हवा गार राहते, वर चढत नाही, मग ढग होतात पण बरसत नाहीत. पूर्वेकडून येणारी ॲमेझॉनची वाफ अँडीज अडवतो. थंडीत नुसती गारुआ, बारीक भुरभुर, आणि महिनोन्‌महिने करडं आभाळ. याच गार पाण्याने मासळी मात्र अफाट. पाराकासजवळच्या बायेस्तास बेटांवर पक्षी बघा, खडकच दिसत नाहीत. हे पाणी तापलं की काय होतं ते २०१७ मध्ये दिसलं, पिउराकडे प्रचंड पूर आले होते.

*

कधी जायचं विचारणाऱ्यांसाठी : डोंगरात मे ते सप्टेंबर कोरडं आणि स्वच्छ, पण तेव्हाच लिमा करडी. डिसेंबर ते मार्च किनाऱ्यावर छान ऊन, तर वर पाऊस, दरडी कोसळून रस्ते बंद, इंका ट्रेल (माचू पिचूला चालत जायची वाट) फेब्रुवारीत बंदच असतो. दोन्ही एकदम मिळत नाही, माझ्या मते डोंगर धरा. आणि यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या, पेरूहून भारतात परतताना लसीचं कार्ड मागतात, नसेल तर क्वारंटाइन करू शकतात. ते पिवळं कार्ड पासपोर्टबरोबरच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.