शब्दचर्चा: ‘मेंब्रेन प्रोब’ला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ:
एका विज्ञान मासिकासाठी लेख लिहितेय. पेशीपटलात सोडलेले चमकणारे रेणू आणि त्यांचा काँप्युटरवर होणारा अभ्यास, असा विषय आहे. ‘पेशीपटल’ शाळेच्या पुस्तकातलंच, त्याबद्दल वाद नाही. गाडी अडलीय ती ‘प्रोब’ आणि ‘सिम्युलेशन’पाशी. संपादक म्हणतात ‘शोधक रेणू’ लिहा. मला ते खटकतंय, पण का ते धड सांगता येत नाही.

धांडोळा:
खटकणारच. शोधक म्हटला की तो शोधायला निघालेला असतो. हा रेणू कुठे काय शोधतो? लॉरडान हाच रेणू घ्या. पटलात जाऊन बसतो, त्याच्यावर प्रकाश टाकला की चमकतो. आजूबाजूचे लिपिड, म्हणजे पटल ज्यांचं बनतं ते शेपटीवाले मेदरेणू, घट्ट बसलेले असतील तर ४४० नॅनोमीटरच्या आसपास निळा. सैल होऊन मध्ये पाणी शिरलं असेल तर ४९० च्या आसपास, हिरवटाकडे झुकलेला. डीपीपीसी या लिपिडाचं पटल ४१ अंश सेल्सियसला सैल होतं, तेव्हा हा बदल स्पष्ट दिसतो. शोध आपण घेतो, तो फक्त खबर देतो.

तिरकस:
मग ‘एषणी’ घ्या की! सुश्रुताच्या शस्त्रांत आहे. नाडीव्रण, म्हणजे नळीसारखी आत गेलेली जखम, किती खोल गेलाय हे बघायची सळई. वैद्यकातला प्रोब तो हाच.

गोदाकाठ:
शब्द देखणा आहे हो, पण वाचकाला पुत्रैषणा-वित्तैषणा आठवतील. मासिक दहावी-बारावीची मुलंही वाचतात.

धांडोळा:
शिवाय सळई कुठवर गेली ते वैद्याच्या हाताला कळतं. इथे तीच तर बोंब आहे. एनबीडी नावाचा चमकणारा गट लिपिडाच्या शेपटीच्या टोकाला जोडतात. शेपट्या पटलाच्या मध्याकडे वळलेल्या असतात, म्हणजे हाही मध्यात बसून तिथली हकिगत सांगेल असं कुणालाही वाटेल. पण एनबीडी ध्रुवीय, त्याला तेलकट जागा मानवत नाही. मग शेपटी वाकते आणि तो पाण्यालगतच्या थरात परत येतो. अमिताभ चट्टोपाध्याय (पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत) आणि अर्विन लंडन यांनी अशा रेणूंची खोली मोजायची पद्धत १९८७ मध्ये मांडली. पुढे २००७ मध्ये पोर्तुगालमधल्या लौरा आणि रामाल्यो यांनी हीच वाकलेली शेपटी सिम्युलेशनमध्ये अणू-अणू मांडून दाखवली. खबऱ्या उभा कुठे आहे तेच ठाऊक नसेल तर त्याची खबर कुठली म्हणायची? माझं मत ‘खबरी रेणू’ला.

तिरकस:
‘खबरी’ फारच पोलीस चौकीतला वाटतो.

रानपाखरू:
मला तर म्हणूनच आवडला. मी हेच काम करते. आम्ही आपसांत ‘प्रोब’च म्हणतो, ‘प्रोब टाकला’, ‘प्रोब वर सरकला’. पण खबऱ्याच्या नुसत्या असण्यानेही आसपासचे लोक वेगळे वागतात, ही छटा त्या शब्दात आपोआप येते. डीपीएच हा काडीसारखा प्रोब सैल पटलात घातला की त्याच्या लगतच्या शेपट्या जरा ताठ होतात. प्रयोगात काहीशे लिपिडांमागे एक प्रोब असतो. सिम्युलेशनच्या चौकटीत बऱ्याचदा जेमतेम १२८ लिपिड, त्यात एक-दोन प्रोब. म्हणजे आमच्याकडे गर्दी जास्त, हे लेखात जरूर लिहा.

आता ‘सिम्युलेशन’. ‘नक्कल’ नको, ‘आभासी प्रयोग’ तर नकोच, त्याने सगळं लुटुपुटूचं वाटतं. प्रत्येक अणूवर किती बल लागतंय ते काढायचं, न्यूटनच्या नियमाने त्याला तसूभर पुढे सरकवायचं, पुन्हा बल काढायचं. एक पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचं; फेम्टोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा शंभर कोटीवा भाग. एका मायक्रोसेकंदासाठी, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागासाठी, अशी ५० कोटी पावलं. ‘सदृशीकरण’ हा तयार शब्द आहे, जड आहे पण चुकीचा नाही. पहिल्यांदा येईल तिथे ही पावलं समजावून सांगा, पुढे खुशाल ‘सिम्युलेशन’ लिहा.

तिरकस:
बरं, खबरी तर खबरी. पण ‘खबरी रेणूचे सदृशीकरण’ असा मथळा दिलात तर मी वर्गणी बंद करीन.

गोदाकाठ:
नाही देत! मथळ्यात ‘पेशीपटलातले खबरी’, मजकुरात ‘प्रोब’ आणि ‘सिम्युलेशन’, दोन्हींचा खुलासा पहिल्याच परिच्छेदात. संपादकांना एनबीडीचा किस्सा सांगितला, ‘शोधक’चा हट्ट सोडलाय त्यांनी. रानपाखरू, ‘ट्रॅजेक्टरी’ला काय म्हणता तुम्ही?

रानपाखरू:
‘फाइल’. ती इतकी मोठी होते की पहिली चिंता ठेवायची कुठे हीच असते. लेखात ‘अणूंचा मार्ग’ लिहा, कळतं.