मदत हवी आहे: शिकारी पक्ष्यांची मोजणी, दोघींचे आकडे जुळत नाहीत

रानवाट
तातडीने मदत हवी आहे. काल सकाळी मी आणि भाची मोजायला बसलो होतो. एकाच थव्यात माझे ४३ भरले, तिचे ७१! दोघीही डोळ्यांत तेल घालून मोजत होतो. घिरट्या घालणारे पक्षी मोजायचे तरी कसे? उद्या पहाटे पुन्हा जायचंय, तेव्हा आजच सांगा. लिंका नकोत, प्लीज.

डोंगरवेडा
कुठे बसला होता? किती वाजता? कोणते पक्षी? ताई, यातलं काहीच लिहिलं नाहीये.

रानवाट
ऑक्टोबरात उत्तरेकडून येतात तेच, शिकारी पक्षी. जागा नेहमीचीच, नाशिकच्या पांडवलेणीच्या वरचं टेकाड. साडेआठ ते अकरा. दुर्बीण ८ बाय ४२. पण माझा प्रश्न मोजण्याचा आहे.

गोदाकाठ
मग सरळ नांदूरमध्यमेश्वर गाठा. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) आहे आपल्या जिल्ह्यात, आणि लोक डोंगरावर उन्हात बसतात! दलदली भोवत्या (मार्श हॅरियर, शिकारी पक्षीच) पाणकणसावरून इतका खालून जातो की एकेक मोजता येतो. मी दर रविवारी जातो.

डोंगरवेडा
गोदाकाठ, तिथे मुक्कामाला आलेले मोजता येतील. ताईंना वाटसरू मोजायचेत. दोन्हींची गल्लत करू नका.

गोदाकाठ
मुक्कामाला आलेलेही उडूनच आलेत ना? मोजणी ती मोजणीच.

निफाडचा_मळा
आमच्याकडे द्राक्षाची छाटणी चालू आहे. कांद्याच्या रोपांवर रोज सकाळी कापशी घार येते, एका जागी पंख फडफडवत थांबते आणि उंदीर उचलते. सगळ्यांना हात जोडून विनंती, बांधावर उंदराचं औषध ठेवू नका. औषध खाल्लेला उंदीर घारीच्या पोटात गेला की घारही जाते. पक्षी मोजायला तरी उरले पाहिजेत.

सातपूर७
रानवाट, पांडवलेणीवरून समोर काय दिसतं? पाथर्डीचा खत प्रकल्प! तिथे बारा महिने घारी घोंघावतात. तुमच्या आकड्यात त्या किती?

रानवाट
घारी मला ओळखता येतात, शेपटीला मधे खाच असते. पण उंचावर गेल्यावर नुसता ठिपका दिसतो, तेव्हा नाही कळत. बरेचसे खत प्रकल्पाच्या बाजूनेच वर चढत होते हे मात्र खरं. हे लिहायचं राहिलं.

जुनी_वही
राहिलं तेच तर महत्त्वाचं होतं, ताई. मी बरीच वर्षं हेच करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

घिरट्या चालू असताना मोजूच नका. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवा वर उठते आणि पक्षी तिच्यावर स्वार होऊन गोल गोल चढतात. खालून नवे येऊन मिळतात, नजर फिरत राहते, आणि एकच पक्षी तीनदा मोजला जातो. भाचीचे ७१ बहुतेक असेच भरले. पुरेसे वर गेले की ते पंख ताणून एकामागून एक घसरत निघतात, माळेतून मणी ओघळावेत तसे. मोजायचं तेव्हा.

एक रेघ धरा, म्हणजे विजेच्या टॉवरपासून समोरच्या कड्यापर्यंत. रेघ ओलांडून दक्षिणेला गेला तो एक. तोच परत उत्तरेला आला तर एक वजा. खत प्रकल्पावर फिरत राहणाऱ्या घारी आपोआप गळतात. दर तासाला वहीत नवी ओळ, शेजारी वारा आणि ढग. निरभ्र निळ्या आकाशात उंचावरचा पक्षी हरवतो, मागे पांढरा ढग असला की उठून दिसतो, म्हणून ढगांच्या कडा आधी बघा. ओळख पटली नाही तर ‘अनोळखी शिकारी’ लिहा, अंदाजाने नाव लावू नका.

क्लिकक्लिक
इतका खटाटोप कशाला? फोटो काढा, घरी मोठा करून ठिपके मोजा. ६०० मिमीची लेन्स घ्या, वापरलेलीही चालेल.

जुनी_वही
६०० मिमीत थव्याचा एक कोपरा मावतो, बाकीचे चौकटीबाहेर. फोटो ओळख पटवायला घ्या, मोजायला नाही.

पंखवेडी
अमूर ससाण्यांसाठी थांबा ना! नागालँडच्या दोयांग जलाशयावर २०१२ साली त्यांची प्रचंड शिकार झाली होती, पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ती थांबवली. तिथून निघून ते आपल्या डोक्यावरून अरबी समुद्र पार करत आफ्रिकेत जातात. नोव्हेंबर उतरता बघा.

डोंगरवेडा
ताईंना उद्या पहाटे जायचंय.

रानवाट
जाऊन आलो. सगळ्यांचे मनापासून आभार, जुनी_वही काका, तुमचे विशेष. रेघ धरली, एकमेकींशी बोललो नाही, वह्या अकरा वाजता उघडल्या. दोघींच्याही वहीत ९. परवाचे ४३ आणि ७१ दोन्ही खोडून टाकले.

नवापैकी एक अगदी डोक्यावरून गेला: पोटाकडून पांढरा, उडायची पिसं काळी, शेपटी सरळ कापल्यासारखी, आणि पंख मानेला जुळतात तिथे समोरून दोन पांढरे ठिपके. बुटेड गरुड! भाचीने मोजपट्टीने रेघ मारून वहीत त्याचं चित्र काढलंय. पाच घारी होत्या, पण त्या न फिरता सरळ दक्षिणेला गेल्या म्हणून धरल्या. तीन अनोळखी, तसंच लिहिलंय.

आता दुसरा प्रश्न. ममदापूरच्या माळावर भोवत्ये संध्याकाळी गवतात मुक्कामाला उतरतात म्हणतात. ते मोजायला सूर्यास्ताच्या किती आधी पोचावं? शनिवारी येवल्याच्या बाजूने कुणी येतंय का?

जुनी_वही
तासभर आधी. गवतात शिरू नका, रस्त्यावरूनच मोजा. मी येतो.